एकाच पिंपातल्या गोळ्या

कारखान्यात तिला सगळ्या जणी थोरली म्हणायच्या. वयाने तिच्याहून मोठ्या दोघी होत्या, पण त्यांना कोणी थोरली म्हटलं नाही. हे नाव कामावरून पडलेलं. फिरत्या पट्ट्याशी उभं राहावं तर तिने. पाळी सुरू झाली की पाय रोवायची ते जेवणाचा भोंगा होईपर्यंत. भिंतीला टेकणं नाही, कुरकुर नाही. नवी बाई कामाला लागली की पहिले काही दिवस तिला थोरलीच्या शेजारी उभी करत.

"थोरले, तुझे पाय दुखत नाहीत का गं?" नवी विचारायची.

"दुखतात की."

"मग?"

"मग त्यांना सांगायचं, भोंगा झाल्यावर दुखा."

काम गोळ्या भरण्याचं होतं. जंतूंवरची गोळी. जखम चिघळली, छातीत कफ साचला, कान फुटला की डॉक्टर देतात ती. ही गोळी हवेला फार नाजूक. हवेतला ओलावा तिला लागला की ती फुगते, तपकिरी होते आणि मग तिच्यात काही राम राहत नाही. म्हणून भरायची खोली कोरडी ठेवलेली असायची. एक यंत्र अखंड हवेतलं पाणी ओढून घ्यायचं. गोळीला ते मानवत असे, बायांना नाही. ओठ फुटायचे, बोटांची पेरं चिरायची. थोरली घरी आली की आधी बोटांना तेल चोळायची, मग चहाचं आधण ठेवायची.

पिंपातून गोळ्या यंत्रात उतरत. यंत्र त्यांना चकचकीत पत्र्याच्या दोन थरांत दाबून पाकीट करी आणि कापून पट्ट्यावर टाकी. बायांनी पाकीट उचलायचं, गोळीचं एखादं घर रिकामं राहिलंय का ते अंगठ्याने चाचपायचं, माहितीचा कागद घालायचा, खोका बंद करायचा. सकाळी निळ्या अक्षरांची पाकिटं निघत. मग यंत्र थांबायचं, पत्र्याचं भेंडोळं बदलायचं, आणि दुपारी लाल अक्षरांची पाकिटं निघू लागायची. नाव वेगळं, खोका वेगळा. पिंप तेच. सकाळी अर्धं झालेलं पिंप दुपारी संपायचं. लाल खोक्यावरची किंमत निळ्याच्या तिपटीहून जास्त.

नवीन असताना थोरलीने तपासणीच्या बाईला हे विचारलं होतं. जाड भिंगांमुळे तिला चष्मेवाली म्हणत. तिने हातातली पाकिटं खाली न ठेवताच सांगितलं, "अगं, लाल खोक्याला बॅगवाले आहेत. दवाखान्याच्या दारात बसून राहतात, डॉक्टरांना पेनं देतात, कॅलेंडरं देतात. त्यांचे पगार कोण देणार, तू का मी? निळ्याला कोणी नाही. ते बिचारं आपल्या पायांनी दुकानात जातं."

थोरली हसली आणि कामाला लागली. दुसऱ्या कारखान्यांच्या गोळ्यांचं तिला काही माहीत नव्हतं, आणि ते माहीत असल्याचा आव तिने कधी आणला नाही. या दोन पाकिटांचं मात्र माहीत होतं.

तिचा नवरा फरशी बसवायचा. सगळे त्याला मिस्तरी म्हणत. त्याचं निम्मं आयुष्य जमिनीपासून दोन हातांच्या आत गेलं होतं. कोणाच्या घराचं छत कसं होतं हे त्याला सांगता येत नसे. जमीन विचारा, कोणता कोपरा काटकोनात नव्हता हेसुद्धा सांगेल. काम झालं की तो डोळे मिटून सांध्यांवरून तळहात फिरवायचा. हाताला कड लागली की फरशी उपटून पुन्हा बसवायची, मग मालक नको म्हणेना का. गुडघ्यांना बांधायचे जाड पॅड त्याच्याकडे होते, पण ते खुंटीलाच असायचे. पॅड बांधले की जमीन कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

आणखी एक नेम होता त्याचा. प्रत्येक कामातल्या काही फरश्या तो बाजूला काढून ठेवायला लावायचा. मालक कुरकुरायचे, आणल्यात तर लावून टाका म्हणायचे. मिस्तरी ऐकायचा नाही. एका भट्टीचा रंग दुसऱ्या भट्टीला येत नाही. उद्या एखादी फुटली तर कुठून आणणार? उलटी घालून, कागदात गुंडाळून तो त्या स्वतः माळ्यावर ठेवून द्यायचा. वर्षांनी बोलावणं यायचं, तेव्हा तो खाली उभं राहून बोट दाखवायचा, "तिथे आहे बघा."

औषधांवरून नवरा-बायकोचं जुनं भांडण होतं. लेक लहान असताना तिचा कान फुटला, तेव्हापासूनचं. मिस्तरीने लाल पाकीट आणलं, थोरली म्हणाली, निळं चाललं असतं.

"स्वस्त का असतं ते?" मिस्तरीने विचारलं.

"नाव स्वस्त आहे. आतली गोळी तीच आहे."

"असं नसतं बाई. फरशी एकाच भट्टीतून निघते. पण निघाली की निवडतात. सरळ निघाली ती पहिली प्रत, कोपरा उचललेला दिसला की दुसरी. दिसायला दोन्ही सारख्याच. बसवायला घेतली की कळतं."

"गोळ्या कोणी निवडत नाही. पिंप उघडतं, गोळ्या घसरतात, संपलं."

"पिंपात पडायच्या आधी निवडत असतील. तू वर गेलीस का कधी बघायला?"

ती गेली नव्हती. गोळ्या वरच्या मजल्यावर बनत, आणि पट्ट्यावरच्या बायांना तिकडे जायची परवानगी नव्हती. ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याने आपण जिंकलो असं मिस्तरीने धरलं, आणि त्यानंतर घरात लाल पाकीटच येत राहिलं.

मग गुडघ्याचं झालं. एका घराच्या ओसरीची फरशी कापताना कपची उडून त्याच्या डाव्या गुडघ्याखाली आली आणि त्याने तिच्यावरच भार दिला. चीर बारीक होती. त्याने थुंकी लावली आणि काम पुरं केलं. दोन दिवसांत गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी सूज आली. हात लावला तर चटका बसावा अशी गरम. पँट वर सरकेना, तेव्हा लेकीने ती कात्रीने कापली आणि दोघी त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरबाईंनी सूज दाबून पाहिली. "तुमच्या कामात गुडघ्यावर अशी पाण्याची पिशवी होते. तिच्यात आता जंतू शिरलेत. अजून पिशवीतच आहेत, हे नशीब. सांध्यात उतरले तर गुडघा पुन्हा नीट वाकेल याची खात्री नाही."

मिस्तरीच्या तोंडाचं पाणी पळालं. गुडघा वाकला नाही तर फरशी बसवणारा माणूस काय करणार? उभ्याने काय, भिंती मोजणार?

सुईने पाणी काढायला त्याला आतल्या खोलीत नेलं. थोरलीने औषधाचा कागद पाहिला. लाल पाकिटाचं नाव. तिने धीर करून विचारलं, "बाई, निळं चालेल का? मी ती दोन्ही भरते. एकाच पिंपातली आहेत."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग कागदावर दुसरं नाव लिहिलं. "औषध तेच आहे, ताकद तीच. चालेल. फक्त एकही गोळी चुकता कामा नये. दिवसातून तीन वेळा, आणि बरं वाटलं तरी थांबायचं नाही. हे त्यांना बजावून सांगा."

बाहेर आल्यावर मिस्तरी लंगडत म्हणाला, "लाल आण. गुडघा आहे हा, पडसं नाही."

"आई, बाबा म्हणतात तर आण ना," लेक म्हणाली. ती एका कचेरीत काम करायची. मिस्तरी घरी बसल्यावर घर तिच्या आणि थोरलीच्या पगारावर चालणार होतं, आणि जखमेची रोजची पट्टी बदलायचा खर्च वेगळा होता.

त्याच वेळी थोरलीने सांगायला हवं होतं, की डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने निळं लिहून दिलंय. पण ते सांगायचं म्हणजे पुन्हा भट्टी, पुन्हा पहिली प्रत, दुसरी प्रत. दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला वाद घालायचा दम नव्हता. उभं राहायला ती कधी कंटाळली नाही, बोलायला कंटाळली. तिने निळं पाकीट आणलं, पत्र्यासकट कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं, आणि वेळेला एकेक गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवू लागली.

"लाल आहे ना?" त्याने पहिल्या दिवशी विचारलं.

"हो."

"केवढ्याला पडलं?"

"गिळा आता. किंमत विचारून सूज उतरत नाही."

पण गोळी तोंडात टाकताना तो तिच्याकडे बघत राहायचा, जणू काही तिच्या तोंडावर गोळीचा भाव लिहिलेला असावा.

सूज उतरायला लागली. तिसऱ्या दिवशी लाली कमी झाली, चौथ्या दिवशी तो कॉटच्या कडेवर बसून पाय हलवू लागला. थोरलीने त्याच्यासाठी काढलेली रजा संपली. सकाळची गोळी ती समोर उभी राहून द्यायची, रात्रीची घरी आल्यावर. दुपारची एक घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून जायची.

"डबी उघडी टाकू नका. उघडली की लगेच घ्यायची."

"कळलं गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

संध्याकाळी डबी रिकामी असायची. पुढे तिचा जादा वेळ सुरू झाला तशी रात्रीची गोळीही ती डबीत ठेवू लागली. तीही डबी रिकामी मिळायची. मिस्तरी म्हणायचा, आता काय, पुढच्या आठवड्यात कामावर. ओसरीवाल्या मालकाला त्याने तसा निरोपही धाडला.

पाकिटं संपली आणि दोन दिवसांनी सकाळी तो उठेना. थोरली डबा भरत होती. तिने हाक मारली, उत्तर नाही. जाऊन बघते तर अंगाची लाही आणि डावा गुडघा भोपळ्यासारखा. पाय सरळ करायला गेली तर तो असा विव्हळला की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.

या वेळी मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सुई घालून पू काढला आणि सांगितलं, सांध्यात उतरलंय, उघडून धुवावं लागेल, आजच.

"गोळ्या घेतल्या होत्या सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या," मिस्तरी म्हणाला. डोळे मिटूनच म्हणाला.

थोरलीला बाहेर बोलावून डॉक्टरांनी कोणत्या गोळ्या ते विचारलं. तिने पिशवीतून रिकामी निळी पाकिटं काढली. घरं सगळी फुटलेली. डॉक्टर पाकीट उलटंपालटं करत म्हणाले, "याने उतरायला हवं होतं. कधीकधी जंतू दाद देत नाहीत. पू तपासायला पाठवतो. कळेल."

डॉक्टर गेले. लेकीची नजर पाकिटांवर होती.

"आई, हे निळं आहे."

"हो."

"बाबांना लाल सांगितलंस."

"दोन्ही एकच आहेत गं. मी भरते."

लेकीने पाकिटं आईच्या पिशवीत परत टाकली. मग म्हणाली, "एकच असतील. पण त्यांचा गुडघा एकच होता." आणि ती खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

हे वाक्य थोरलीच्या काळजात रुतून बसलं. शस्त्रक्रिया झाली, मिस्तरी गुंगीत होता, लेक शेजारी बसली होती. थोरली रजा टाकायला म्हणून कारखान्यात गेली. खरं कारण वेगळं होतं. इतकी वर्षं छाती ठोकून सांगत आले ते खरं आहे ना, एवढंच तिला विचारायचं होतं. चष्मेवाली रोज नमुने आणायला वरच्या मजल्यावर जायची. थोरलीने तिला हात धुवायच्या नळापाशी गाठलं.

"वर गोळ्या निवडतात का गं?"

"निवडतात म्हणजे?"

"चांगल्या लालला, उरलेल्या निळ्याला."

चष्मेवालीने चष्मा कपाळावर चढवला. "थोरले, ताप तुझ्या नवऱ्याला आलाय का तुला? एवढी पिंपं रिचवलीस, आणि आज विचारतेस?"

"सांग ना."

तिचा आवाज ऐकून चष्मेवालीने थट्टा सोडली. "नाही गं. फुटकी गोळी दोन्हीत जात नाही. धड असते ती दोन्हीत जाते. पिंप खाली येतं तेव्हा त्याच्यावर नुसता नंबर असतो, पाकिटाचं नाव नसतं. आज कोणता माल काढायचा ते तुमच्या खोलीत ठरतं. वर कोणाला पत्तासुद्धा नसतो."

थोरलीला वाटलं होतं हे ऐकून जीव भांड्यात पडेल. पडला नाही. गोळी चांगली होती, मग हे झालं कसं? गोळी वाईट निघाली असती तर निदान कोणाला तरी बोल लावता आला असता. आता तिला काहीच दिसत नव्हतं. ती घरी आली. मिस्तरीचे दोन सदरे, टॉवेल, तांब्या पिशवीत भरला. इस्पितळातल्या शिपायाने सांगितलं होतं की टाचेखाली काहीतरी मऊ ठेवलं तर बरं. तिला खुंटीवरचे पॅड आठवले. एक होता, दुसरा दिसेना. हत्यारांच्या झोळीत असेल म्हणून तिने झोळी पालथी केली.

रबरी हातोडा पडला, दोरीचं रीळ पडलं, आणि एक पत्र्याची डबी पडून उघडली. दोन फरश्यांत सारखी फट राहावी म्हणून मध्ये घालायचे प्लास्टिकचे लहान फुलीसारखे तुकडे तो त्या डबीत ठेवायचा. तुकडे जमिनीवर पसरले. त्यांच्यात एक कागदाची पुडी होती. नीट घडी घातलेली, चारी बाजूंनी दुमडलेली, तो माळ्यावरच्या फरश्या गुंडाळायचा तशीच.

पुडीत गोळ्या होत्या. पांढऱ्या राहिल्या नव्हत्या. कडेने तपकिरी, मध्ये फुगलेल्या, दोन-तीन एकमेकींना चिकटलेल्या. थोरलीने एक चिमटीत धरली आणि ती भिजल्या चुन्यासारखी बोटांत विरली. ती जमिनीवर बसली. दुपारच्या सगळ्या होत्या. डबीत ठेवलेल्या रात्रीच्याही होत्या. सूज उतरायला लागल्यापासून त्याने फक्त तिच्यासमोरची तेवढी गिळली होती, डबीतली एकही नाही.

पुडी घेऊन ती इस्पितळात गेली. मिस्तरी जागा होता. पाय फळीवर बांधलेला, गुडघ्यातून नळी काढलेली. लेक बाटलीत पाणी आणायला गेली होती. थोरलीने पुडी त्याच्या छातीवर ठेवली आणि उघडली.

मिस्तरीने बघितलं आणि मान वळवली.

"का हो?" ती म्हणाली. एवढंच.

"बरं वाटत होतं," तो भिंतीकडे बघून म्हणाला. "सूज उतरली होती. एवढी महागाची गोळी, उतरलेल्या सुजेवर कशाला घालवायची? ठेवली बाजूला. पुन्हा कधी झालं, तुला झालं, पोरीला झालं, तर पुन्हा तेवढे पैसे कुठून आणायचे? फरशी नाही का ठेवत आपण."

"फरशी टिकते. गोळी टिकत नाही. मी सांगितलं होतं, डबी उघडी टाकू नका."

"कागदात गुंडाळल्या होत्या."

तिला हसू येईना की रडू येईना. ती स्टूल ओढून बसली. आता तिची पाळी होती, आणि तिने ती चुकवली नाही.

"त्या महाग नव्हत्या."

त्याने मान इकडे केली.

"निळ्या होत्या," थोरली म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. डॉक्टरबाईंनी लिहून दिल्या होत्या. तुम्ही वाद घालाल म्हणून सांगितलं नाही. लाल म्हणून दिल्या."

मिस्तरी तिच्याकडे बघत राहिला. चिडेल, असं तिला वाटलं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने हळूच विचारलं,

"स्वस्तातल्या होत्या?"

"हो."

"मग आधी सांगायचं ना गं. सगळ्या गिळल्या असत्या."

लेक पाणी घेऊन आली, दोघांच्या तोंडाकडे बघून दारातच थांबली. थोरलीने पुडी बंद केली नाही. लेकीलाही ती दिसू दिली. लेकीने पुडी पाहिली, आईकडे पाहिलं, बाटली खाली ठेवली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. आधी बोललेलं वाक्य तिने परत घेतलं नाही. ते परत घ्यायचं काही कारणही नव्हतं.

तपासणीचा कागद आला. डॉक्टर म्हणाले, जंतू याच औषधाने मरणारे आहेत. पुडी पाहून त्यांनी दोघांनाही फैलावर घेतलं, मिस्तरीला जास्त. अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, दबून बसतात, आणि मग दुप्पट जोराने येतात, असं त्यांनी सांगितलं. यापुढची गोळी परिचारिका समोर उभी राहून द्यायची आणि तोंड उघडून दाखवायला लावायची. मिस्तरी निमूटपणे आ करायचा.

ताप गेला. जखम भरली. गुडघा राहिला. महिनोन् महिने एक बाई घरी येऊन पाय वाकवायचा व्यायाम घ्यायची. मिस्तरी दातांत टॉवेल धरून तो करायचा. व्यायाम त्याने एक दिवस चुकवला नाही, हे सांगितलं पाहिजे. गुडघा खुर्चीवर बसता येईल इतका वाकला. जमिनीवर टेकता येईल इतका नाही. एकदा घरात कोणी नाही असं बघून त्याने टेकून पाहिला. थोरली आली तेव्हा तो भिंतीशी आडवा होता, घामाने निथळत. तिने काखेत हात घालून त्याला उठवला.

पुढे तो कामाला जाऊ लागला तो काठी घेऊन, उभ्याने. त्याचा जुना जोडीदार फरशी बसवायचा, मिस्तरी दोरी मारून द्यायचा, पातळी बघायचा, माल मोजून घ्यायचा. मजुरी निम्म्याहून कमी. पण सांधा तपासायची पंचाईत होती. पातळीच्या नळीतून उतार कळतो, दोन फरश्यांच्या कडांमधला फरक कळत नाही. तो तळहातालाच लागतो, आणि त्याचा तळहात आता जमिनीपर्यंत पोचत नव्हता. जोडीदाराला हात लावून बघायला सांगितलं की तो नेहमी एकच सांगायचा, "मस्त आहे, लोण्यासारखं."

त्या ओसरीवाल्या मालकाच्या घरी आतली एक खोली निघाली. अर्धी खोली बसवून झाली तेव्हा थोरलीच्या सुट्टीचा दिवस होता. मिस्तरी सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "येतेस का जरा? हात लावून बघायला."

"मला काय कळतं त्यातलं?"

"रिकामं घर कळतं ना अंगठ्याला? तसंच आहे."

ती गेली. जोडीदार तिला बघून हसला. "काय मिस्तरी, आता वहिनी पास करणार का माझं काम?"

"करू दे की. पगार मागत नाही ती."

सुकलेल्या ओळींवर फळी टाकली होती. मिस्तरीने गुडघ्यांचे दोन्ही पॅड बरोबर आणले होते. त्याने ते तिच्या हातात दिले. तिने बांधले आणि फळीवर गुडघे टेकले. मिस्तरीने सांगितलं तसे डोळे मिटले, तळहात सपाट ठेवला, आणि नव्या ओळींवरून सरकवत गेली. पेरांच्या चिरा फरशीच्या कडांना लागत होत्या. एका जागी ती थांबली. मागे आली, पुन्हा गेली.

"इथे," ती म्हणाली.

"किती?"

"कागदाएवढं. डावीकडची वर आहे."

जोडीदाराने वाकून बोट फिरवलं. "छे. मला नाही काही लागत. वहिनी, तुमचं आपलं उगाच."

मिस्तरी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. त्याने पातळीची नळी घेतली नाही की दोरी मागितली नाही.

"ती म्हणते ना," तो म्हणाला. "काढ ती."

जोडीदाराने कपाळाला आठ्या घातल्या, पण फटीत छिन्नी सरकवली आणि फरशी उचकटली. खालचा मसाला एका बाजूला साचला होता. जोडीदार मसाला खरवडू लागला.

थोरलीला उठायचं होतं. इतका वेळ टेकायची गुडघ्यांना सवय नव्हती. मिस्तरीने हात पुढे केला, कमरेतून जेवढं वाकता आलं तेवढा वाकला, तरी मध्ये वीतभर अंतर उरलं. ती भिंतीला धरून आपली आपण उठली आणि पुढच्या ओळीकडे गेली.